एका खोलीतला चित्रपट: पैसा नेमका कुठे लागतो

पैसे थोडे आहेत म्हणून सगळी गोष्ट एकाच खोलीत बसवली आहे, असं सांगणारे नवे लेखक-दिग्दर्शक पुण्या-मुंबईत भेटतात, तसे आता नाशिक, कोल्हापूर, नागपुरातही भेटतात. विचार चुकीचा नाही. सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) जवळजवळ सगळा ज्यूरींच्या खोलीत घडतो आणि त्या काळी तो सुमारे ३ लाख ४० हजार डॉलरमध्ये झाला. त्याच कथेवर बासू चटर्जींनी १९८६ मध्ये 'एक रुका हुआ फैसला' केला. रिचर्ड लिंकलेटरच्या 'टेप'मध्ये (२००१) तर मोटेलची एक खोली आणि तीन पात्रं, एवढंच आहे. आपल्याकडे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या एका सभागृहात घडणाऱ्या नाटकावर सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये चित्रपट केला. त्याचं छायाचित्रण गोविंद निहलानींचं होतं.

मात्र खोली एक आहे म्हणून खर्च आपोआप उतरत नाही. चित्रपटाचा खर्च चढतो तो चित्रीकरणाच्या दिवसांवर. दहा जागी हिंडून बारा दिवसांत संपलेला चित्रपट हा एकाच खोलीत पंचवीस दिवस रेंगाळलेल्या चित्रपटापेक्षा स्वस्त पडू शकतो. त्यामुळे पहिला प्रश्न 'किती लोकेशन्स?' हा नको, 'किती दिवस?' हा हवा. शिवाय एका खोलीमुळे जे पैसे वाचतात ते सगळे खिशात ठेवायचे नसतात. त्यातला मोठा भाग तालीम आणि आवाज या दोन गोष्टींवर घालावा लागतो, कारण प्रेक्षकाला नव्वद मिनिटं त्याच चार भिंतींत बसवून ठेवायला दुसरं काही हाताशी नसतं.

आधी दिवस मोजा

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा ठोकताळा इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीवरून आला आहे. देवनागरीत, आपापल्या पद्धतीने टंकलेल्या संहितेला तो लागू पडेलच असं नाही. कलाकारांना एकत्र बसवा, घड्याळ लावा आणि पूर्ण वाचन करा. संवादप्रधान चित्रपटात या वाचनातून येणारी वेळ बरीच खरी निघते. त्यात नुसत्या हालचालींची आणि शांततेची मिनिटं मिळवली की लांबी कळते.

जागा बदलत, गाड्या हलवत केलेल्या कामात दिवसाला तीन-चार मिनिटांचा पक्का ऐवज हाती लागला तरी युनिट समाधानी असतं. एकाच खोलीत, तालीम झालेल्या कलाकारांबरोबर सहा-सात मिनिटं जमू शकतात. म्हणजे ९० मिनिटांच्या चित्रपटाला १३ दिवस. तालीम न करता उभे राहिलात, तर याच खोलीत वीस दिवस सहज जातील.

ल्युमेटने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. चित्रीकरणाआधी दोन आठवडे तालीम केली आणि मग सुमारे तीन आठवड्यांत चित्रपट संपवला. एका खुर्चीच्या बाजूने प्रकाशयोजना झाली की त्या खुर्चीतल्या माणसाचे सगळ्या चित्रपटातले शॉट्स तो एकदम घेऊन टाकत असे, मग ते पहिल्या दहा मिनिटांतले असोत की शेवटच्या. दर शॉटला लाइट हलवण्यात जाणारे तास त्यामुळे वाचले. पण हे जमण्यासाठी प्रत्येक नटाला आपला भावनेचा आलेख तोंडपाठ असावा लागतो, आणि कंटिन्युइटी सांभाळणारी व्यक्ती तयारीची असावी लागते. टेबलावरच्या कपात चहा किती, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले, जळणारी डासांची अगरबत्ती कुठवर आली, बाहीची घडी कोपराच्या वर की खाली. एका खोलीत लपायला जागा नसते, प्रेक्षक या वस्तू नव्वद मिनिटं पाहतो. 'असिस्टंटच बघेल कंटिन्युइटी' म्हणून वाचवलेले पैसे संकलनाच्या टेबलावर दुप्पट जातात.

खोली निवडताना

मित्राचा फ्लॅट फुकट मिळतोय, हे कारण पुरेसं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पलंग, चार माणसं, कॅमेरा, बूम धरलेला माणूस आणि दोन लाइट मावत नाहीत. मावले तरी प्रत्येक शॉट भिंतीला पाठ लावून, रुंद लेन्सवर घ्यावा लागतो आणि चेहरे ताणलेले दिसतात. पंधरा बाय वीसच्या आसपासचा हॉल, त्याला दोन दारं आणि शेजारी मॉनिटर, मेकअप, कपडे यांसाठी एक वेगळी खोली, इतकं तरी मिळवा.

नंतर मजला बघा. खिडकीतून येणारा दिवस हा एका खोलीतल्या चित्रपटाचा फार मोठा आधार असतो, आणि तो सूर्यावर सोडता येत नाही. गोष्ट संध्याकाळच्या दोन तासांत घडत असेल तर तीच संध्याकाळ तेरा दिवस टिकवायची आहे. घर तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असेल तर खिडकीबाहेर स्टँडवर लाइट उभा करता येतो. पाचव्या मजल्यावर त्यासाठी परांची बांधावी लागते, आणि तिचा खर्च, परवानगी आणि धोका तिन्ही अंगावर येतात. विजेचा मीटर किती भार पेलतो हे इलेक्ट्रिशियनला नेऊन तपासा. हल्लीच्या एलईडी लाइटांना वीज कमी लागते, त्यामुळे लहान युनिटला अनेकदा जनरेटरशिवाय भागवता येतं. दिवसाचं भाडं वाचवण्याची ही खरी जागा आहे.

घरमालकाचं लेखी संमतिपत्र घ्या. त्यात तारखा, वेळा, अनामत रक्कम, भिंतीला रंग देणार असाल तर तो पूर्ववत करण्याची जबाबदारी आणि गरज पडल्यास दोन जादा दिवस कोणत्या दराने, हे सगळं लिहा. सोसायटीची परवानगी वेगळी घ्यावी लागते. नुसत्या सेक्रेटरीच्या तोंडी होकारावर तेरा दिवसांचं काम टांगून ठेवू नका.

सेट उभारणं केव्हा परवडतं? भिंत बाजूला सरकवून कॅमेरा मागे न्यायचा असेल तेव्हा. हिचकॉकने 'रोप'साठी (१९४८) अशाच सरकणाऱ्या भिंती केल्या होत्या, कारण त्याला दहा-दहा मिनिटांचे सलग शॉट घ्यायचे होते. तुमची गोष्ट असं काही मागत नसेल, तर प्लायवूड, सुतार, रंगारी आणि महिनाभराचं गोदाम यांच्यापेक्षा भाड्याचा फ्लॅट बराच स्वस्त पडतो. गोदाम घेतलंच तर छप्पर पाहा. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की संवादाचं ध्वनिमुद्रण थांबतं.

आवाजावर हात आखडू नका

माझा सगळ्यात जास्त आग्रह या खर्चाचा आहे. बोलण्यावर उभा असलेला चित्रपट जागेवरच्या आवाजात, म्हणजे सिंक साउंडमध्ये व्हायला हवा. डबिंगमध्ये ओठ जुळतात, पण समोरच्याच्या नजरेला दिलेलं उत्तर तसंच पुन्हा येत नाही. म्हणून ध्वनिमुद्रकाला रेकीलाच सोबत न्या आणि त्याचा नकार हा नकार समजा.

रेकी रविवारी दुपारी करू नका. ज्या वेळी चित्रीकरण करणार त्याच वारी, त्याच वेळी त्या खोलीत पंधरा मिनिटं गप्प बसा. अकरा वाजता वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या, खालच्या भंगारवाल्याची आरोळी, लिफ्टचं दार, शाळा सुटल्याचा कल्ला, एप्रिल-मेमध्ये कोकिळा. पंखा आणि एसी शॉट चालू असताना बंद ठेवावे लागणार, म्हणून मे महिना कलाकारांसाठी जीवघेणा आणि जून ते सप्टेंबर पावसाच्या आवाजाचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत सोयीचा, पण लग्नसराईत सभागृहाशेजारचा फ्लॅट घेऊ नका. खिडक्यांना जाड गोधड्या, जमिनीवर सतरंज्या, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, हा सगळा मिळून काही हजारांचा खर्च, पण मिक्सिंगच्या वेळी त्याची किंमत कळते. आणि रोज पॅकअपआधी सगळ्यांना स्तब्ध उभं करून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर मुद्रित करून घ्या. संवादांमधले सांधे तिनेच बुजवले जातात.

दोन कॅमेरे लावले तर दिवस वाचतील, असं अनेकांना वाटतं. मोठ्या हॉलमध्ये वाचतीलही. लहान खोलीत दुसऱ्या कॅमेऱ्याला पहिला कॅमेरा आणि बूम दिसतो, प्रकाशयोजना दोन्हीकडून बेताची होते. माझ्या मते एकच कॅमेरा घ्या आणि उरलेल्या भाड्यात ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली चांगला बूमवाला द्या.

हक्कांचे कागद

एका खोलीत घडणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळात नाटकं किंवा एकांकिका असतात. प्रयोगाची परवानगी आणि चित्रपट-रूपांतराचे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात, आणि परदेशी नाटकावरून 'प्रेरित' संहितेलाही यातून सूट नाही. हक्कांची रक्कम बोलण्यावर ठरते, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही, पण हा करार पहिल्या तालमीच्या आधी व्हायला हवा. स्वतःची मूळ संहिता असेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. खर्च किरकोळ आहे.

खोलीतल्या वस्तूही पैसे मागतात. रेडिओवर लागलेलं जुनं गाणं, टीव्हीवरचा सामना, भिंतीवरचं एखाद्या जिवंत चित्रकाराचं चित्र, या सगळ्यांना परवानगी लागते. पात्र गाणं नुसतं गुणगुणलं तरी लागते. वातावरणासाठी पिंजऱ्यातला पोपट ठेवू नका, आपल्याकडचे पोपट पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंदी आहे. कुत्रा-मांजर असेल तर प्राणी कल्याण मंडळाची प्रक्रिया आधी पूर्ण करा, नाहीतर ती फाइल सेन्सॉरच्या वेळी आडवी येते. पात्र सिगारेट ओढत असेल तर त्या सगळ्या दृश्यांत पडद्याच्या तळाला इशारा येणार, शिवाय सुरुवातीला आणि मध्ये आरोग्यविषयक चित्रफिती लावाव्या लागणार. नव्वद मिनिटांच्या एकाच खोलीत एक माणूस सतत ओढत बसला असेल, तर तो इशारा चित्रपटभर राहील. पटकथा लिहितानाच याचा विचार करा.

नमुन्याचं बजेट

आता आकडे. पाच कलाकार, भाड्याचा फ्लॅट, १३ दिवस, युनिट पंचवीस माणसांचं. खालचे दर मांडणी समजावी म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या शहरात तीन-तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवा आणि ती या जागी घाला.

रोज लागणारा खर्च आधी. कॅमेरा आणि लेन्स १२ हजार, लाइट आणि लाइटमन १५ हजार, ध्वनिमुद्रक, बूम आणि त्यांची सामग्री १५ हजार, फ्लॅटचं भाडं ७ हजार, नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचं खाणं माणशी ४०० रुपयांप्रमाणे १० हजार, प्रवास ८ हजार, किरकोळ ३ हजार. दिवसाचे झाले ७० हजार, आणि १३ दिवसांचे ९ लाख १० हजार. या ७० हजारांचा आकडा भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. एक दिवस वाढला की एवढे गेले.

तालीम महाग वाटते तेव्हा याच आकड्याशी ताडून बघा. दोन आठवड्यांसाठी हॉल, कलाकारांचा प्रवास, चहा-नाश्ता आणि थोडं मानधन मिळून १ लाख धरले, तर तालमीमुळे दोन दिवस जरी वाचले तरी ४० हजार शिल्लक राहतात. शक्य असेल तर शेवटच्या चार तालमी त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर करा.

ठरवून द्यायच्या रकमा अशा: पाच कलाकार मिळून ५ लाख, छायाचित्रकार अडीच लाख, सहायक दिग्दर्शक आणि कंटिन्युइटी दीड लाख, कला दिग्दर्शक आणि सामान २ लाख, वेशभूषा-रंगभूषा १ लाख, लेखन दीड लाख, तालीम १ लाख. बेरीज साडेचौदा लाख. वेशभूषेत एकाच पोशाखाचे दोन-तीन जोड घ्या. गोष्ट एका रात्रीची असली तरी तोच सदरा तेरा दिवस घामात भिजणार आहे.

चित्रीकरणानंतरचं काम: संकलन २ लाख, ध्वनिसंयोजन, फोली आणि फाइव्ह पॉइंट वन मिक्सिंग साडेतीन लाख, पार्श्वसंगीत १ लाख, डीआय म्हणजे रंगसंस्करण २ लाख, इंग्रजी सबटायटल्स आणि थिएटरसाठी डीसीपी ५० हजार, हार्ड डिस्क आणि साठवण ५० हजार. एकूण साडेनऊ लाख. या रकमेला एका खोलीचा काहीच फायदा होत नाही. नव्वद मिनिटं ही नव्वद मिनिटंच असतात, आणि मराठीतले कितीतरी स्वतंत्र चित्रपट याच टप्प्यावर पैसे संपून वर्षानुवर्षं अडकतात. म्हणून चित्रीकरण सुरू होण्याआधी हे साडेनऊ लाख वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका.

नोंदणी, सेन्सॉर, विमा, वकील, हिशेबनीस यांचे दीड लाख धरले की एकूण ३४ लाख ६० हजार होतात. त्यावर दहा टक्के आकस्मिक खर्च, म्हणजे सुमारे साडेतीन लाख. चित्रपट ३८ लाखांच्या घरात गेला. यात दिग्दर्शकाचं मानधन नाही आणि मूळ नाटकाचे हक्क नाहीत. दरपत्रक घेताना प्रत्येकाला 'जीएसटी धरून की वगळून?' हे विचारा. भाड्याच्या सामग्रीवर तो १८ टक्के लागतो, आणि वगळून सांगितलेल्या दरांनी बजेट केलं की लाखांचा फरक पडतो.

पैसे नसताना मानधनाऐवजी वाटा देण्याची पद्धत वाईट नाही. 'टेप' ज्या इनडिजेंट या संस्थेकडून झाला, तिथे कलाकार-तंत्रज्ञांना उत्पन्नात वाटा देण्याचीच रीत होती. पण वाटा कशाचा, हे करारात स्पष्ट हवं. 'नफ्यात पाच टक्के' या शब्दांना बहुतेक वेळा काही अर्थ उरत नाही, कारण नफा म्हणजे काय ते निर्माताच ठरवतो. निर्मात्याच्या हाती येणाऱ्या प्रत्येक रकमेतला ठरावीक हिस्सा, असं लिहा. लाइटमन, स्पॉटदादा आणि जेवणवाला यांना मात्र वाटा देऊ करू नका. त्यांची मजुरी रोजच्या रोज किंवा आठवड्याला रोख किंवा खात्यात गेलीच पाहिजे.

प्रदर्शन आणि वसुली

थिएटरमध्ये लावायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. २०२४ पासून यूए गटाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत, आणि कडवट कौटुंबिक नाट्याला कोणता भाग मिळतो यावर तुमचा प्रेक्षक ठरतो. पोस्टर, ट्रेलर, समाजमाध्यमं आणि थिएटरला चित्रपट पाठवण्याचं डिजिटल शुल्क यांसाठी अगदी मोजके खेळ लावायचे म्हटले तरी पंधरा लाख बाजूला ठेवा. म्हणजे परत मिळवायचे झाले ५३ लाख.

१७७ रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी गेला की १५० उरतात. त्यातले निम्मे थिएटरने ठेवले असं धरू, तुमच्याकडे आले ७५. या हिशेबाने ७० हजारांहून अधिक तिकिटं विकली जायला हवीत, आणि यात वितरकाचं कमिशन अजून धरलेलं नाही. एका खोलीतल्या, ओळखीचे चेहरे नसलेल्या चित्रपटाला हा आकडा अवघड आहे, हे गुंतवणूक करणाऱ्या काका-मामांना आधीच सांगा.

राज्य सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी अर्थसहाय्याची योजना आहे. तिच्यात परीक्षणानंतर 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख अशी रचना चालत आली आहे. गोरेगावच्या चित्रनगरीतून ती चालवली जाते, ताजे निकष तिथूनच घ्या. नमुन्याच्या बजेटकडे पाहिलंत तर 'अ' दर्जा मिळाल्यास निर्मितीचा सगळा खर्च भरून येतो, म्हणून खर्च चाळिसाच्या आत ठेवण्याला अर्थ आहे. पण हे पैसे नंतर, कधी कधी बऱ्याच उशिरा हाती येतात. त्यांच्या भरवशावर व्याजाने कर्ज काढू नका.

थिएटरला पर्याय म्हणून आधी महोत्सव करून बघा. पुण्याचा जानेवारीतला महोत्सव आणि गोव्याचा इफ्फी, तिथला भारतीय पॅनोरमा, हे आपल्याला सगळ्यांत जवळचे. परदेशी महोत्सवांची प्रवेश फी डॉलर-युरोत असते, पन्नास ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा संवादप्रधान चित्रपट खरोखर निवडणारे आठ-दहा शोधा. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या आहेत, जिल्ह्याच्या गावी नाट्यवेडी मंडळं आहेत. त्यांच्यासाठी छोट्या सभागृहात तिकीट लावून खेळ आणि नंतर कलाकारांशी गप्पा, असा दौरा नाटकासारखा बांधता येतो. पडद्यावरचा चित्रपट आणि समोर बसलेले पाचही नट हे एका खोलीतल्या चित्रपटाला परवडतं, कारण सगळे एका गाडीत मावतात. ओटीटीकडे जाताना पहिल्याच भेटीत कायमचे हक्क देऊन टाकू नका. मुदत तीन किंवा पाच वर्षांची मागा, आणि सबटायटलची फाइल, संवाद-संगीत-ध्वनी यांचे वेगवेगळे ट्रॅक आणि मूळ चित्रफितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवल्याची खात्री करून मगच सही करा.